घाटाचा रस्ता : चढ आणि उतार

काशीस गेलेल्या मराठी यात्रेकरूला एका शब्दाचे नवल वाटते. आपल्याकडे घाट म्हणजे डोंगर ओलांडण्याची वाट. काशीत घाट म्हणजे गंगेत उतरणाऱ्या पायऱ्या. शिंदे घाट, भोसले घाट ही नावे तर आपल्याच सरदारघराण्यांची. दोहोंच्या मुळाशी तत्त्व मात्र एकच आहे : मोठी उंची एकदम चढता येत नाही, म्हणून ती थोडीथोडी चढावयाची. पायांसाठी पायऱ्या, चाकांसाठी वळणे.

समजा, ५०० मीटर वर जावयाचे आहे. दर २० मीटर अंतरास १ मीटर चढ ठेवल्यास रस्ता १० किलोमीटर लांब करावा लागतो. कड्यावर एवढी सरळ जागा नसते, म्हणून रस्ता डोंगराच्या अंगावर पुनःपुन्हा दुमडतात. १८३० साली खुला झालेला खंडाळ्याचा बोरघाट याच रीतीचा. आल्प्स पर्वतातील स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता कार्लो दोनेगानी या स्थापत्यविशारदाने १८२० ते १८२५ या काळात बांधला. तो २,७५७ मीटरपर्यंत चढतो आणि त्याच्या एकाच अंगास ४८ तीव्र वळणे आहेत.

इतक्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असते. प्राणवायू कमी मिळाल्याने साध्या इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. बदरीनाथची उंची याहूनही अधिक आहे. तेथे जाणाऱ्या मोटारीस हाच अनुभव येतो.

तथापि खरा धोका चढणीत नसून उतरणीत आहे. चढताना साठलेली ऊर्जा उतरताना बाहेर पडते. १० टनांची मालमोटार ५०० मीटर खाली येते, तेव्हा २० अंश तपमानाचे सुमारे १४५ लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी ऊर्जा मोकळी होते. ती सर्व ब्रेकवर पडली, तर ब्रेक तापून त्याची पकड क्षीण होते. लहान मोटारीत ब्रेकमधील द्रव उकळून पायाखालचा दांडा पोकळ लागू लागतो.

यावर उपाय गियरचा. खालच्या गियरमध्ये चाकेच इंजिनास फिरवितात आणि इंजिन त्यांना रोखून धरते. ब्रेकचा भार हलका होतो. म्हणून जुने चालक सांगतात की, ज्या गियरने चढावे त्याच गियरने उतरावे. इंधन वाचविण्यासाठी गियर काढून गाडी घरंगळू देणे म्हणजे हा आधार सोडून देणे होय. गंगेचा घाट आपण पायरीपायरीने उतरतो. डोंगराचा घाटही तसाच उतरावा.