गणतीबाहेरची माणसे: गोपीनाथ मुंडे, बीड जिल्हा आणि जातगणनेची संसदीय चर्चा

लोकप्रतिनिधीच्या कामगिरीचा हिशेब सामान्यतः त्याने भूषविलेली पदे, मंजूर करून घेतलेले कायदे आणि मतदारसंघात आणलेला निधी यांवरून मांडला जातो. परंतु सभागृहातील कामाचा एक प्रकार असाही आहे की ज्यातून तत्काळ कायदा होत नाही वा निधी येत नाही, आणि तरीही शासनाला एखाद्या समूहाच्या अस्तित्वाची नोंद घेणे भाग पडते. हा प्रकार म्हणजे मोजणीची मागणी. मे 2010 च्या पहिल्या आठवड्यात लोकसभेत 2011 च्या जनगणनेवर जी चर्चा झाली, तीत बीडचे खासदार आणि भारतीय जनता पक्षाचे लोकसभेतील उपनेते गोपीनाथ मुंडे यांनी इतर मागासवर्गीयांची जातवार गणना व्हावी, अशी मागणी केली. त्यांच्या दीर्घ राजकीय जीवनातील अनेक गाजलेल्या प्रसंगांपेक्षा या भाषणाचे मोल अधिक टिकाऊ ठरले आहे.

या मागणीमागचा इतिहास असा. ब्रिटिश अमदानीत जनगणनेत जातीची नोंद होत असे आणि 1931 ची जनगणना ही जातवार आकडे संपूर्णपणे प्रसिद्ध करणारी अखेरची जनगणना ठरली. स्वातंत्र्यानंतर 1951 पासून केवळ अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचीच स्वतंत्र गणना सुरू राहिली. दुसरीकडे, राज्यघटनेच्या 340 व्या अनुच्छेदाने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गांच्या स्थितीची तपासणी करण्यासाठी आयोग नेमण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला. त्यानुसार 1953 मध्ये काका कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पहिल्या आयोगाने 1961 च्या जनगणनेत जातवार मोजणी करण्याची शिफारस केली होती, ती अमलात आली नाही. परिणामी 1979 मध्ये स्थापन झालेल्या मंडल आयोगाला मागासवर्गीयांची संख्या ठरविताना जवळजवळ अर्धशतकापूर्वीच्या, म्हणजे 1931 च्या आकड्यांचा आधार घ्यावा लागला आणि 52 टक्के हा त्याचा अंदाज तेव्हापासून आजतागायत वादाचा विषय राहिला. ज्या वर्गासाठी धोरण आखायचे, त्याची संख्याच शासनाला ठाऊक नाही, अशी ही स्थिती होती.

मुंडे यांनी नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. या जनगणनेत मागासवर्गीयांची मोजणी झाली नाही, तर पुढच्या जनगणनेपर्यंत आणखी दहा वर्षे त्यांना सामाजिक न्यायासाठी थांबावे लागेल आणि तो त्यांच्यावर अन्याय ठरेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. ही मागणी करणाऱ्या नेत्याची पार्श्वभूमीही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. परळी तालुक्यातील नाथ्रा या गावी 1949 मध्ये जन्मलेले मुंडे ज्या वंजारी समाजातून आले, त्याला महाराष्ट्रात भटक्या जमाती (ड) या प्रवर्गात 2 टक्के आरक्षण आहे. आणि ज्या ऊसतोड कामगारांचे नेतृत्व त्यांनी केले, ते वर्षातील पाच-सहा महिने गावाबाहेर असतात. शासकीय नोंदवहीत नाव नसणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते.

शरद यादव, मुलायमसिंह यादव, लालूप्रसाद यादव अशा निरनिराळ्या पक्षांच्या नेत्यांनी हीच मागणी लावून धरल्यामुळे सत्ताधारी आघाडीवरचा दबाव वाढला. प्रगणक हा माहिती नोंदविणारा असतो, तपास करणारा नव्हे, अशा व्यावहारिक अडचणी गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी मांडल्या. तथापि मंत्रिमंडळ या प्रश्नावर निर्णय घेईल, असे पंतप्रधान मनमोहनसिंग यांना सभागृहात सांगावे लागले. सप्टेंबर 2010 मध्ये जो निर्णय झाला, तो मात्र तडजोडीचा होता. मुख्य जनगणनेत जात न विचारता स्वतंत्र मोहीम राबविण्याचे ठरले आणि त्यातून 2011 ची सामाजिक, आर्थिक व जातगणना उभी राहिली. ती 1948 च्या जनगणना कायद्याखाली झाली नाही, ही तिची मोठी दुर्बलता होती. तिचे सामाजिक-आर्थिक निष्कर्ष जुलै 2015 मध्ये प्रसिद्ध झाले; जातींचे आकडे बाहेर आलेच नाहीत. या गणनेचे समन्वयन ग्रामविकास मंत्रालयाकडे होते आणि 26 मे 2014 रोजी त्याच खात्याचे मंत्री म्हणून मुंडे यांनी शपथ घेतली. 3 जून रोजी दिल्लीत अपघाती मृत्यू झाल्याने त्यांना त्या पदावर जेमतेम आठवडाभर मिळाला, ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाची मोठी हानी होय.

आकडे नसण्याची किंमत महाराष्ट्राला पुढे न्यायालयात मोजावी लागली. लोकसभेतील त्या चर्चेनंतर काही दिवसांतच, 11 मे 2010 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने के. कृष्णमूर्ती खटल्यात असे स्पष्ट केले होते की, स्थानिक स्वराज्य संस्थांमधील राजकीय मागासलेपण हे शैक्षणिक वा नोकरीविषयक मागासलेपणाहून वेगळे असून त्याची स्वतंत्र तपासणी झाली पाहिजे. त्याच निकालाच्या आधारे 4 मार्च 2021 रोजी विकास गवळी खटल्यात न्यायालयाने ‘तिहेरी कसोटी’ घालून दिली: समर्पित आयोग, त्याने गोळा केलेल्या अनुभवजन्य, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेल्या माहितीवरून ठरविलेले आरक्षणाचे प्रमाण आणि एकूण आरक्षणाला 50 टक्क्यांची मर्यादा. अशी माहिती हाती नसल्याने राज्यातील इतर मागासवर्गीयांचे स्थानिक संस्थांतील आरक्षण अडचणीत आले. राज्याने 2011 च्या जातगणनेचे आकडे केंद्राकडे मागितले, तेव्हा ते सदोष असल्याची भूमिका केंद्राने घेतली आणि डिसेंबर 2021 मध्ये राज्याची याचिका फेटाळली गेली. 2010 मध्ये दिलेला इशारा अकरा वर्षांनी असा अक्षरशः खरा ठरला.

मोजणीची ताकद काय असते, याचा पुरावा खुद्द बीडमध्येच आहे. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ 807 मुली आढळल्या. 2001 मध्ये हे प्रमाण 894 होते. त्या एका आकड्याने गर्भलिंगनिदानाचा गुन्हा लपविणे अशक्य केले.

दुसरे उदाहरण विधान परिषदेतील आहे. ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी ‘एक कोयता’ धरली जाते, मुकादमाकडून तिला आगाऊ रक्कम, म्हणजे उचल मिळते आणि कामाचा खाडा झाला तर त्याचे पैसे त्यातूनच कापले जातात. त्यामुळे मासिक पाळीचा त्रासही अनेक स्त्रियांना परवडत नाही. या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांनी परिषदेत उपस्थित केला, तेव्हा जिल्ह्यात तीन वर्षांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले. पुढे गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशातील 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण 3.2 टक्के होते. 4,605 हा आकडा जिल्ह्यातील तीन वर्षांच्या शस्त्रक्रियांचा आहे, तर 13,861 हा ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचा. दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही. सभागृहात प्रश्न विचारला गेला नसता, तर यांतील एकही आकडा सार्वजनिक झाला असता, असे मानण्यास आधार नाही.

30 एप्रिल 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने आगामी जनगणनेतच जातीची नोंद करण्याचा निर्णय घेतला, आणि मुंडे यांची मूळ मागणी पंधरा वर्षांनी मान्य झाली. या जनगणनेचा संदर्भदिन देशाच्या बहुतांश भागासाठी 1 मार्च 2027 असून लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत व्हायची आहे. फेब्रुवारी हा गाळप हंगामाचा काळ असल्याने बीडमधील हजारो कुटुंबे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील उसाच्या फडांवर, कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये राहत असतील. मोजणीच्या संपूर्ण काळात घरी नसलेल्या माणसाची नोंद तो जेथे आढळेल तेथे करण्याची भारतीय जनगणनेची पद्धत आहे. म्हणून या कुटुंबांची गणती बीडच्या प्रगणकांवर नव्हे, तर कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव येथील प्रगणक फडापर्यंत पोहोचतात की नाही यावर अवलंबून राहील. साखर कारखान्यांकडून टोळ्यांच्या याद्या आधीच मागवून त्यांनुसार प्रगणकांची नेमणूक करणे प्रशासनाला सहज शक्य आहे, आणि तशी व्यवस्था झाली आहे का, हा प्रश्न जिल्ह्याच्या आमदार-खासदारांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी सभागृहात विचारायला हवा.