भोसरीच्या शेडमधला संगणक

संगणकाचा इतिहास सांगायला बसलं की आपल्याकडे तीच नावं येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेला ‘टिफ्रॅक’, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभा केलेला ‘परम ८०००’, २००७ मध्ये जगाच्या यादीत चौथा आलेला टाटांचा ‘एका’ हा पुण्यातलाच महासंगणक आणि मग थेट हिंजवडी. भोसरी, आकुर्डी, चाकण यांना त्यात जागा नसते. हे मला मुळीच पटत नाही. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत संगणकावर हात बसलेला पहिला माणूस सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवरचा ऑपरेटर होता.

या मशीनची गोष्ट हेलिकॉप्टरच्या पात्यापासून सुरू होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना पात्याचा वक्र अचूक हवा होता. त्यांनी आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रावर वक्रावरचे बिंदू काढून घेतले. मग मिलिंग मशीनपाशी एक जण आकडे मोठ्याने वाचायचा आणि दोघे दोन हँडल फिरवायचे. हीच कामं मशीनने स्वतः का करू नयेत, या विचारातून एमआयटीमध्ये १९५२ साली छिद्रांच्या टेपवरून आकडे वाचून चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. त्याच्या कंट्रोलरमध्ये शेकडो व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्यांना कपाटंच्या कपाटं लागायची. १९७१ मध्ये इंटेलची ४००४ ही चिप आली. पुढे असेच मायक्रोप्रोसेसर कंट्रोलरमध्ये बसले, कपाटं आटली, टेप गेली आणि प्रोग्रॅम मशीनच्या मेमरीत राहू लागला.

इकडे १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि १९६६ मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पुण्यात आली. मोठ्या कारखान्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्या शेड भोसरीत उभ्या राहिल्या. जुन्या लेथवरचा कसबी टर्नर एक पार्ट अप्रतिम काढायचा. पण १९९८ मध्ये टाटांची इंडिका ही मोटार आली, मोटारींचं काम वाढत गेलं आणि तिन्ही शिफ्टमध्ये हजारो नग एकसारखे हवेत, अशी मागणी रोजची झाली. ते हाताने जमणारं नव्हतं; त्याला सीएनसी लेथच हवे होते.

सीएनसी लेथवरचा ऑपरेटर नेमकं काय करतो, ते पाहण्यासारखं आहे. जॉब चकमध्ये धरला, दरवाजा लावला, सायकल स्टार्ट. प्रोग्रॅममधल्या ‘जी झीरो झीरो’ या आज्ञेला टूल भरकन जवळ येतं, ‘जी झीरो वन’ला ठरलेल्या फीडने कापू लागतं. नग बाहेर आला की तो मायक्रोमीटर लावतो. ड्रॉइंगवर व्यास २५ मिलिमीटर, रीडिंग २५.०२. टूलचं कापणारं टोक, म्हणजे इन्सर्ट, झिजलंय, हे त्याला त्या आकड्यावरूनच कळतं. तो स्क्रीनवर टूलची जागा दुरुस्त करायच्या ऑफसेटच्या पानावर एक्समध्ये उणे ०.०२ टाकतो आणि पुढचा नग मापात येतो. नवा प्रोग्रॅम असेल तर सेटर सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवतो, बोट फीड होल्डच्या बटणावर ठेवून. प्रोग्रॅममधली चूक शोधणं म्हणजे हेच; फक्त इथे दशांश चिन्ह चुकलं तर टूल चकवर आदळतं. अशा माणसाला संगणकाचा जाणकार म्हणायला आपण का कचरतो?

मशीनचं झालं तसंच असेंब्ली लाइनचंही झालं. १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मोटारीचं मॉडेल बदललं की रिलेंच्या पॅनेलचं वायरिंग नव्याने करावं लागे. डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांचा ‘मॉडिकॉन ०८४’ हा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम बदलता येणारा कंट्रोलर आला आणि वायरीऐवजी प्रोग्रॅम बदलणं पुरेसं ठरलं. त्याची लॅडरची भाषा मुद्दाम इलेक्ट्रिशियनला वाचता येईल अशी ठेवली होती. आज चाकणच्या असेंब्ली लाइनवर मेंटेनन्सवाला लॅपटॉप जोडून तीच लॅडर वाचतो. लाइनवरचा रोबो तर पीएलसीच्याही आधीचा: १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. आपल्याकडे टाटा समूहातल्या टाल कंपनीने ‘ब्राबो’ हा रोबो बनवला.

हा इतिहास जपायची वेळ आता आली आहे, कारण सुरुवातीची मशीन भंगारात चालली आहेत आणि ती चालवणारे निवृत्त होत आहेत. चिंचवडच्या सायन्स पार्कात टेपवर चालणारं एखादं जुनं मशीन ठेवावं, शेजारी जुन्या ऑपरेटरांचं बोलणं ऐकायची सोय करावी. आणि वाचकहो, तुमच्या शेडच्या माळ्यावर छिद्रांच्या टेपचं रीळ किंवा हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅमची वही पडली असेल, तर ती रद्दीत घालू नका.