गाडी टिकते म्हणजे काय? कंपनी नंतर, आधी उभे दिवस मोजा

ज्यांनी हा भाग ऐकला नाही, किंवा ऐकताना आकडे निसटले, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

प्रश्न एकच, पण सारखा येतो. "दादा, दहा वर्षं वापरायचीय. मारुती घेऊ, टाटा घेऊ का ह्युंदाई?" मी मेकॅनिक नाही. बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण आमच्या कामात सर्व्हर किती वेळ चालू राहिला हे रोज मोजावं लागतं. तेच माप गाडीला लावलं, की उत्तर बरंच सोपं होतं.

दोन आकडे लक्षात ठेवा

पहिला आकडा: गाडी किती वेळा बिघडते. दुसरा: बिघडली की किती दिवसांत परत रस्त्यावर येते. आपण चर्चा करतो ती फक्त पहिल्याची. त्रास मात्र बहुतेक वेळा दुसरा देतो.

समजा, गाडी 'अ' दोन वर्षांत एकदाच बिघडली, पण पार्ट यायला ३० दिवस लागले. गाडी 'ब' दोन वर्षांत सहा वेळा बिघडली, पण दर वेळी एका दिवसात दुरुस्त झाली. दोन वर्षं म्हणजे ७३० दिवस. 'अ' ७०० दिवस चालली, म्हणजे ९५.९ टक्के. 'ब' ७२४ दिवस, म्हणजे ९९.२ टक्के. कागदावर 'अ' जास्त भरवशाची, दारात मात्र 'ब' जास्त दिवस चालू.

आता हे मुरुममध्ये आणून बघा. पंक्चर, ब्रेक, क्लचप्लेट ही कामं आपला गावातला मिस्त्री करतो. पण स्कॅनर लावून इलेक्ट्रॉनिक बिघाड शोधायचा, कंपनीचा सेन्सर मागवायचा, तर बहुतेकांना सोलापूर किंवा लातूर गाठावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सोलापूरला जावं लागायचं. गाडी चांगली होती, इंजिन ठणठणीत. एक सेन्सर गेला आणि तो येईपर्यंत गाडी तीन आठवडे उभी. दर खेपेला भाड्याची गाडी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. त्या घराला "पाच वर्षांत एकदाच बिघडली" याचा काय उपयोग?

अर्थात, सगळे बिघाड सारखे नसतात. काच खाली होत नाही हा एक बिघाड, आणि नळदुर्गच्या पुढे रात्री दोन वाजता गाडी बंद पडली हाही एक बिघाड. म्हणून नुसता आकडा बघू नका, काय बिघडलं ते विचारा.

मग सर्व्हे काय सांगतात?

जे. डी. पॉवर ही संस्था १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते. आकडा कमी तेवढं चांगलं. पण अमेरिकेतल्या त्यांच्या अभ्यासात गाड्या तीन वर्षं जुन्या असतात आणि बऱ्याच तक्रारी टचस्क्रीन, ब्लूटूथ, फोन जोडणी यांच्या असतात. ब्लूटूथ तुटलं ही एक तक्रार, गिअरबॉक्स गेला हीसुद्धा एकच तक्रार. दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याला यातून अर्धंच उत्तर मिळतं.

जर्मनीत गाडीची पहिली सक्तीची तपासणी तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी होते. त्यातून कोणतं मॉडेल कितव्या वर्षी किती प्रमाणात नापास होतं, हे दरवर्षी छापून येतं. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तोवर फिटनेसची तपासणी नाही. त्यामुळे अशी वयवार आकडेवारी आपल्याकडे तयारच होत नाही. मग आपण काय करतो? "आमच्या मामाकडे होती, एकदम भारी चालली" यावर निर्णय घेतो. मामाची एक गाडी म्हणजे सर्व्हे नव्हे, मंडळी!

लोगो एक, आतला माल दुसरा

ब्रँड म्हणजे गाडी नव्हे. फिॲटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन आठवतं? आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात ते बनायचं, हरियाणात मानेसरलाही बनायचं. तेच इंजिन मारुती स्विफ्टमध्ये, टाटा इंडिका विस्टामध्ये आणि फिॲट पुंटोमध्ये. लोक मात्र "मारुतीचं डिझेल म्हणजे दणकट" असं म्हणायचे!

नाशिकला बनलेली महिंद्रा-रेनो लोगान २००७ मध्ये आली. भागीदारी संपल्यावर तीच गाडी महिंद्रा व्हेरिटो झाली. आज टोयोटा ग्लान्झा म्हणजे मुळात मारुती बलेनो. नाव बदललं की वॉरंटी, सर्व्हिस आणि जुन्या गाडीचा भाव बदलतो. पिस्टन बदलत नाही.

उलटही खरं. एकाच कंपनीची साधी पेट्रोल मॅन्युअल गाडी आणि तिचीच टर्बो, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गाडी या दहा वर्षांच्या हिशोबात दोन वेगळ्या गाड्या आहेत. म्हणून "ह्युंदाई की टाटा" असं विचारू नका. "हे इंजिन आणि हा गिअरबॉक्स किती वर्षं बाजारात आहे" असं विचारा.

आणि कंपनीच गेली तर?

याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला कारखाना सुरू केला. शेवरोले बीट, स्पार्क रस्तोरस्ती दिसायला लागल्या. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारखाना निर्यातीसाठी चालू राहिला, २०२० च्या डिसेंबरात तोही थांबला. पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं सांगितलं.

त्या दिवशी कुणाचंही इंजिन खराब झालं नाही. दोन्ही कंपन्यांनी सर्व्हिस आणि पार्ट देत राहू असंही सांगितलं. पण आपला दुसरा आकडा, दुरुस्तीचे दिवस, तो वाढायला सुरुवात होते. शिवाय विकताना भाव पडतो.

याच्या उलट मारुती ८००. १९८३ ला आली, २०१४ मध्ये बनणं थांबलं. पण इतक्या गाड्या खपल्या होत्या, की खेड्यातला मिस्त्रीही ती डोळे झाकून खोलतो. महिंद्रा बोलेरो २०००पासून आहे. आरामदायी नाही, पण गावाकडे तिचं काम येत नाही असा मिस्त्री शोधावा लागेल. टिकाऊपणा असा अर्धा कारखान्यात तयार होतो आणि अर्धा आपल्या गावच्या गॅरेजात.

वापर चुकला तर चांगली गाडीही फसते

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम आले. तेव्हापासून डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी अधूनमधून हायवेवर चांगली तापावी लागते. घर ते शेत, शेत ते बाजार असं दोन-तीन किलोमीटरच फिरलात तर फिल्टर चोंदतो, दिवा लागतो आणि शिव्या कंपनीला बसतात. रनिंग कमी असेल तर पेट्रोल घ्या, सरळ हिशोब आहे.

पेट्रोलचंही एक. इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के असतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग, सील, पाईप त्याला चालतील असे असतात. त्याआधीची सेकंडहँड घेत असाल तर हे पाईप आणि सील तपासून घ्या.

घेण्याआधी पाच प्रश्न

१. हेच इंजिन-गिअरबॉक्स निदान चार-पाच वर्षं बाजारात आहे का?

२. कंपनीचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे आणि गाडी टो करून न्यायला किती लागेल?

३. गावातल्या मिस्त्रीला विचारा: "याचा क्लच, रेडिएटर, सेन्सर किती दिवसांत मिळेल?" तो उत्तर द्यायला अडखळला तर तेच उत्तर समजा.

४. गाडी रिकॉलमध्ये आहे का? कंपनीच्या वेबसाईटवर चॅसिस नंबर टाकून बघा. रिकॉलचं काम फुकट होतं.

५. सेकंडहँड असेल तर सर्व्हिसच्या नोंदी दाखवा म्हणा. नोंदी नाहीत तर भाव पाडा किंवा हात जोडा.

माझं मत विचाराल तर, आई-वडील गावात आणि दवाखाना सोलापूरला असेल, तर भरपूर खपलेली, साधी पेट्रोल मॅन्युअल गाडी घ्या, लोगो कुठलाही असो. रोज खराब रस्ता आणि माल असेल तर बोलेरोसारखी. पुण्यात राहता, दोन स्टॉपवर चांगलं गॅरेज आहे, तर बंद झालेल्या ब्रँडची स्वस्त सेकंडहँडही परवडू शकते. एकच गाडी पुण्यात भरवशाची आणि मुरुममध्ये डोकेदुखी असू शकते.

आणि हो, टिकाऊ म्हणजे सुरक्षित असं नव्हे. क्रॅश टेस्टचे स्टार वेगळे बघा. त्यावर पुढच्या भागात बोलू. तोवर, गाडी बघायला जाताना शोरूमच्या आधी गॅरेजात जाऊन या!