चंचीतलं पातं

खिशात पातं बाळगणारी माणसं जगभर आहेत. फ्रान्सच्या साव्होआ भागात १८९० पासून लाकडी मुठीचा ओपिनेल चाकू बनतो आणि तिथला शेतकरी त्यानंच भाकरी कापतो, त्यानंच वेल छाटतो. जपानमध्ये दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा 'हिगोनोकामी' एके काळी शाळकरी पोरांच्या खिशात असायचा, पेन्सिलीला टोक काढायला. स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा बहुगुणी चाकू तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्याची १८९७ साली नोंदणी झाली. हे चाकू बाळगणारे शौकीन भेटले की आधी एकमेकांचं पातं उघडून बघतात, धार अंगठ्यावर आडवी फिरवून जोखतात, मग बोलणं सुरू होतं.

हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याकडे जा, कळमनुरीकडे जा, नाही तर सेनगावकडे, गावातल्या पारावर हाच कार्यक्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. फक्त बंडीच्या खिशातून निघतो तो चाकू नसतो. अडकित्ता असतो.

शेतकऱ्याकडे धारेची हत्यारं कमी नसतात. वसमतच्या बाजूला हळद काढायच्या आधी पाला कापायला विळा लागतो, सोयाबीन काढायलाही विळाच, निंदायला खुरपं, बाभूळ तोडायला कुऱ्हाड. पण ही सगळी कामाची हत्यारं. संध्याकाळी ती वळचणीला खोचली जातात. चोवीस तास अंगावर राहणारं पातं एकच, आणि ते कापडाच्या चंचीत राहतं. चंची म्हणजे कप्प्याकप्प्यांची गुंडाळी: एका कप्प्यात पानं, दुसऱ्यात सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी, आणि सगळ्यांवर वजन ठेवून बसलेला अडकित्ता. दोरीला किंवा कडदोऱ्याला एका कडीत ओवलेली दातकोरणी, कानकोरणी आणि बाभळीचा काटा उपसायचा बारका चिमटा. गंमत अशी की स्विस चाकूच्या मुठीतही दातकोरणी आणि चिमटा खोचलेला असतो. दोन्हीकडच्या माणसांनी, एकमेकांची गंधवार्ता नसताना, एकच यादी केली.

मग चाकूच का नाही? उत्तर सुपारीत आहे. सुपारी मराठवाड्यात पिकत नाही. ती कोकणातून, गोव्यातून, कर्नाटकातून येते, आणि श्रीवर्धनचा रोठा म्हटलं की जाणकार अजूनही मान डोलावतात. वाळलेली सुपारी फोडून बघा. पांढऱ्या गरात तपकिरी रेघांचं जाळं दिसतं. त्या रेघा म्हणजे बीचं सालच आहे, घडी घालत आत शिरलेलं. आणि पांढरा भाग इतका टणक का? बहुतेक धान्यं रोपासाठी पिठाचा साठा करतात. ताडाच्या कुळातल्या अनेक बिया तसं करत नाहीत. त्या आपलं अन्न पेशींच्या भिंतींतच भरून ठेवतात आणि भिंती जाड जाड करत नेतात. म्हणजे या कोठारात धान्य वेगळं आणि भिंत वेगळी असा प्रकारच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अशाच एका ताडाच्या बीपासून एके काळी कोटाची बटणं करत. तिला वनस्पतीचं हस्तिदंत म्हणत. आपण तिच्या चुलत बहिणीला दाढेखाली घालतो.

असल्या गोल, कठीण, गुळगुळीत वस्तूवर चाकू चालवला तर तो घसरतो आणि बोटावर येतो. इथे पात्याबरोबर ऐरणही हवी. अडकित्ता म्हणजे नेमकं तेच: वरच्या दांडीला धार, खालची दांडी जाड आणि बोथट, एका टोकाला खीळ. फ्रान्सचा चाकू घडी घालून मुठीत लपतो; अडकित्ता मिटला की त्याचं पातं स्वतःच्याच ऐरणीवर निजतं. म्यानाची गरज नाही, खिशाला भोक नाही.

आता त्यातलं यंत्र बघा. कात्रीत खीळ मध्ये असते. अडकित्त्यात ती अगदी टोकाला असते, तिच्या जवळ सुपारी आणि दूर हात. समजा, सुपारी खिळीपासून २ सेंटिमीटरवर आहे आणि मुठीचा जोर १२ सेंटिमीटरवर पडतो. जोर सहापट होतो. ७० वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हातानं १० किलोचा दाब दिला तरी सुपारीवर ६० किलो पडतात. आणि ते सुपारीभर पसरत नाहीत. धार जिथे टेकते तो भाग सुरुवातीला जेमतेम एक चौरस मिलिमीटर धरू. तेवढ्या ठिपक्यावर ६० किलो, म्हणजे आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो त्याच्या जवळपास सहा हजार पट. धोतराच्या सोग्यानं घाम पुसणाऱ्या माणसाच्या मुठीत हे घडतं, आणि त्याचं लक्षही नसतं. तो पावसाबद्दल बोलत असतो.

धार आधी बारीक खाच पाडते. मग पात्याची पाचर दोन्ही बाजू दूर लोटते, आणि भेग पात्याच्या पुढे धावते. तो 'कट्' आवाज भेगेचा आहे, पातं अजून पोचलेलंही नसतं. म्हणून जाणता माणूस आवाज आला की हात सैल सोडतो. शिकाऊ माणूस दाबतच राहतो आणि पातं खालच्या लोखंडावर आपटतो.

शिकाऊ माणसाची सुपारी उडते तीही उगाच नाही. दोन दांड्या जास्त उघडल्या की त्या सुपारीला दोन बाजूंनी बाहेर ढकलतात. घर्षण तिला धरून ठेवू बघतं, पण कोन एका मर्यादेपलीकडे गेला की घर्षण हरतं आणि खांड पाराखालच्या कोंबड्यांत जाऊन पडतं. उपाय दोन. एक, मोठी सुपारी खिळीच्या फार आत कोंबायची नाही, कारण तिथे जोर जास्त मिळतो पण कोनही मोठा होतो. दुसरा उपाय कारागिराचा: पात्याला किंचित बाक आणि खालच्या दांडीला उथळ खोलगा, सुपारीला बसायला जागा. हा बाक कुठल्या पुस्तकातून आलेला नाही. उडालेल्या सुपाऱ्या वेचून वेचून तो ठरला असावा, असं मला वाटतं.

पातं तयार होतं त्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. गावाबाहेर पाल टाकून बसलेले घिसाडी पाहिले असतील. पुरुष सांडशीनं लोखंड धरतो, बाई घण घालते, पोर भाता किंवा हातानं फिरवायचा पंखा सांभाळतं. त्यांच्या ढिगात ट्रकचे मोडके पाटे असतात. पाट्यांचं पोलाद का, तर त्यात शेकडा अर्ध्याहून थोडा जास्त कार्बन असतो. अणू मोजले तर लोखंडाच्या शंभर अणूंमागे कार्बनचे तीनही भरत नाहीत. एवढ्या मूठभर पाहुण्यांवर सगळा खेळ आहे.

पोलाद लालभडक तापलं की लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलतात, आणि नव्या मांडणीतल्या फटींत कार्बन आरामात मावतो. सावकाश थंड होऊ दिलं तर अणू जुन्या जागी परततात आणि कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते. लोखंड मऊच राहतं. पण तेच लाल पातं एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं, तर कार्बनला निघायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, सगळी जाळी ताणली जाते, आणि हा बदल पोलादातून सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगानं सरकतो. चर्र् आवाज संपायच्या आत काम झालेलं असतं. लोहार याला पाणी देणं म्हणतो.

नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं. इथे निसर्गानं लोहाराला फुकटचा तापमापक दिलेला आहे. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर उष्णतेनं गंजाची एक अतिसूक्ष्म साय धरते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तिच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि रंग उमटतात. २२० अंशांच्या पुढे गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, ३०० अंशांच्या सुमारास निळा. साय जाड होईल तसा रंग बदलतो. पात्याला पिवळा-तांबूस आला की पुरे. निळा आला तर ती स्प्रिंग झाली, धार टिकायची नाही. म्हणून पाणी देणारा भर उन्हात काम करत नाही. तो सावली शोधतो, कारण त्याचं सगळं शास्त्र रंग ओळखण्यावर उभं असतं.

ही विद्या या मुलखाला नवी नाही. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, आणि त्याच संस्थानात, नांदेडहून गोदावरी ओलांडून खाली गेलं की कोनासमुद्रम हे गाव लागतं. तिथे मातीच्या बंद मुशीत लोखंड घालून, दीर्घ काळ आच देऊन पोलादाचे गोळे काढत. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करणारे डॉ. व्हॉयसी यांनी ते पाहून लिहून ठेवलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ साली ते छापलं गेलं. इराणहून व्यापारी हे गोळे न्यायला येत, कारण पलीकडच्या देशांतल्या नामांकित तलवारी अशाच हिंदी पोलादाच्या असत. विजेच्या शोधांनी पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मायकेल फॅरडेनं १८१९ साली याच जातीच्या पोलादाचं पृथक्करण केलं होतं, आणि २००६ साली जर्मन संशोधकांना अशा एका जुन्या तलवारीत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सापडल्या. पारावरचे अडकित्ते त्या पोलादाचे आहेत असं मी म्हणत नाही. पण विस्तवाचा रंग वाचणारी नजर या भागात जुनी आहे, एवढं नक्की.

धार लावायला बांधावरचा काळा दगड चालतो. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. पण त्यातली खनिजं कडक पोलादापेक्षा फारशी कठीण नसतात, त्यामुळे विळा त्यावर घासला जातो, उत्तम पातं मात्र नुसतं गुळगुळीत होतं. म्हणून शिकलगार कुरुंदाची पूड लाखेत घोळवून चाक बनवत. कुरुंदापेक्षा कठीण म्हणजे थेट हिरा.

आता पारावर परत येऊ. चंची सोडली की आधी स्वतःपुरतं कातरायचं नाही, ही रीत. खांड समोरच्याच्या तळहातावर, थोरल्यापासून सुरुवात. "अण्णा, तुमचा द्या बरं जरा, माझा कडेला दाबतोय," म्हणत अडकित्ते हातोहात फिरतात आणि परीक्षा होते. कुणाचा आज्याच्या वेळचा, घासून घासून पातं निम्मं उरलेला. कुणाचा पितळी दांड्यांचा, टोकाला पोपट. कुणाचा बाजारातला नवा, ज्याला सगळे मिळून नावं ठेवतात. रिकामा अडकित्ता वाजवला तर म्हातारी माणसं दटावतात, घरात भांडणं होतात म्हणून. भांडणांचं माहीत नाही, पण सुपारीशिवाय मिटलेलं पातं थेट लोखंडावर आदळतं आणि धारेला खांडे पडतात, हे खरं. ज्यानं ही समजूत रुजवली तो लोहार असणार.

लग्न ठरताना सुपारी फुटते, हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती कट्यार नाही तर अडकित्ता देण्याची चाल काही घरांत आहे, आणि खंडेनवमीला तो विळ्या-कुऱ्हाडींच्या रांगेत हळदकुंकू लावून बसतो. नाजूक कारागिरी बघायची असेल तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा. काका केळकरांनी घरोघरच्या वापरातल्या वस्तू जमवल्या, त्यात अडकित्ते भरपूर. काहींवर पशुपक्षी आहेत, काहींवर माणसांची जोडपी, आणि मिटताना ती एकमेकांजवळ येतात. कारागिराला विनोदबुद्धी होती.

कायद्यालाही या पात्याचं काही वावडं नाही. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांवर बंधन आहे, आणि घरगुती व शेतीच्या हत्यारांना त्यातून सूट आहे. शेजारच्या नांदेडला, हुजूर साहिबच्या परिसरात, रोज अंगावर पातं बाळगणं हा धर्माचा भाग आहे. शिखांच्या कृपाणाला तर संविधानाच्या २५व्या अनुच्छेदातच जागा मिळाली आहे. अडकित्त्याला कुणी अशी जागा दिली नाही, त्याला कुणी हत्यार मानलं तरच ना!

त्याला कायद्यानं नाही, पुडीनं मारलं. यंत्रावर कातरलेली सुपारी १९८०च्या दशकापासून चकचकीत पुड्यांत गावोगाव पोचली. पुडी फाडायला दात पुरतात. पुढे २०१२ साली महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली, पण तोवर तरुण खिशांतून चंची गेली होती. आणि एक गोष्ट न सांगणं बरं नव्हे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली तंबाखूविरहित पानसुपारीही कर्करोगकारक ठरवली, सुपारी एकटी धरली तरी निकाल तोच. तोंड आखडत जाणारा विकारही तिच्यामुळेच होतो. तेव्हा अडकित्त्याचं कौतुक करा, सुपारी मात्र पूजेपुरती ठेवा. शेंगा फोडायला, गुळाचा खडा तोडायला, खारीक बारीक करायला तो तितकाच तरबेज आहे.

जुन्या बाजारात एखादा दिसला तर घेताना एवढं बघा. मिटून उजेडासमोर धरा. खिळीपासून टोकापर्यंत फटीतून येणारा प्रकाश सारखा हवा, मध्येच रुंद दिसला तर पातं झिजलं किंवा वाकलं. दोन्ही दांड्या हातात धरून आडव्या हलवा. खीळ खुळखुळली तर पातं कडेला घसरणार. कडेनं कानशीचा कोपरा हलकेच ओढा. पाणी दिलेल्या पात्यावर कानस घसरते, न दिलेल्यावर लोखंड खरवडून निघतं. आणि घरी आणल्यावर तेलाचा एक थेंब, खिळीवर.