दिवाळीच्या पुस्तकाची तयारी पाडव्यापासून

गुढीपाडवा होऊन आठवडा झाला, येलहंक्यात उन्हं तापायला लागलीत, आणि मी आज दिवाळीबद्दल बोलणार आहे. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "पुस्तक दिवाळीत आणायचंय, जाहिरात सप्टेंबरात सुरू केली तर चालेल ना?" माझं उत्तर आहे, नाही चालणार. का ते सांगतो.

आधी माझी फजिती. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. तीच तारीख डोक्यात धरून मी २०२४च्या पुस्तकासाठी छापखान्याला सांगितलं, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रती द्या. २०२४चं लक्ष्मीपूजन होतं १ नोव्हेंबरला! चूक लक्षात आली श्रावणात, तोवर त्यांचं वेळापत्रक भरून गेलेलं. दोष माझाच. तीनशे प्रतींचे गठ्ठे पुण्याहून इथे आले तेव्हा भाऊबीज होऊन गेली होती आणि शेजारी आकाशकंदील उतरवत होते. त्यातले बरेच गठ्ठे पुढच्या होळीपर्यंत आमच्या पलंगाखाली होते. पैसे घरचेच, त्यामुळे बायकोने किती दिवस ऐकवलं हे सांगत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, पंचांग उघडा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे दिवाळी दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२५चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणून २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतंय. यंदा आपल्याला अडीच आठवडे जास्तीचे मिळालेत. ते झोपेत घालवू नका.

आता उलटं मोजू. दिवाळीत मराठी वाचक सगळ्यात आधी काय विकत घेतो? दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांच्या धर्तीवर. तेव्हापासून सणाचं वाचन म्हणजे अंक हे समीकरण बसलंय. नव्या लेखकाचं पुस्तक त्या ढिगाऱ्याशी स्पर्धा करू शकत नाही. पण अंकात शिरू शकतं. पुस्तकातलं एखादं स्वतंत्र वाचता येईल असं प्रकरण, किंवा त्याच विषयावरचा नवा लेख अंकाला द्या, आणि लेखकपरिचयात पुस्तकाचं नाव येऊ द्या. पैसे देऊन घेतलेल्या पानभर जाहिरातीपेक्षा हे मला कधीही बरं वाटतं, कारण वाचकाने तुमची भाषा चाखलेली असते.

मात्र बहुतेक संपादकांची जुळवाजुळव उन्हाळ्यात सुरू होते आणि पावसाळ्यात मजकूर हातात लागतो. गणपतीत फोन केलात तर ते गोड बोलून "पुढच्या वर्षी बघू" म्हणतील. म्हणून विचारणा एप्रिल-मेमध्ये करा. छपाईचंही तेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात छापखाने अंक आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरांनी तुंबलेले असतात. तुमचं पुस्तक ऑगस्टअखेर छापून हातात हवं. त्याआधी आयएसबीएन. तो आपल्याकडे विनामूल्य मिळतो, पण अर्ज आजचा उद्यावर ढकलू नका.

यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला. अनंत चतुर्दशीनंतरचा पंधरवडा पितृपक्षाचा. त्यात प्रकाशन समारंभ करायला बरेच लोक नाखूश असतात. मी त्याला मोकळा वेळ समजतो. अभिप्रायासाठीच्या प्रती, ग्रंथालयांना पत्रं, विक्रेत्यांशी सवलतीचं बोलणं, हे सगळं तेव्हा उरकतं. प्रकाशन नवरात्रात किंवा दसऱ्याला, २० ऑक्टोबरला.

इथे बेंगळुरूकरांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडची मराठी कुटुंबं दिवाळीला गावी जातात. पुणे, सोलापूर, नागपूर, बेळगाव. धनत्रयोदशीला अर्धी सोसायटी रिकामी! त्यामुळे इथली विक्री माणसं निघायच्या आधी व्हायला हवी. गाडीत वाचायला किंवा भाच्याला द्यायला म्हणून पुस्तक घेतलं जातं ते दसऱ्याच्या आसपास. आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांचं फराळाचं पार्सल आणखी आधी निघतं. त्या डब्याशेजारी एक पुस्तक बसतं. (प्लॅस्टिकमध्ये घाला. चकलीचं तेल मुखपृष्ठ ओळखत नाही.) पार्सल करणाऱ्या आई-बाबांना सप्टेंबरअखेर विचारलंत तरच जमेल. आणखी एक, १ नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सव. त्या महिन्यात इथल्या पुस्तकांच्या दुकानांचं लक्ष कन्नड पुस्तकांवर असतं, आणि ते योग्यच आहे. तुमच्या मराठी पुस्तकासाठी दर्शनी जागा तेव्हा मागू नका.

टपालाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपण बाहेरगावाहून विकणारे लोक. १ मे २०२५पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू झालीय. ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर रुपये, वर कर. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. नियतकालिकं त्यात बसत नाहीत, म्हणजे तुमचा लेख असलेला दिवाळी अंक या दरात पाठवता येणार नाही. आपलं पुस्तक बसतं का, हे एक प्रत नेऊन काउंटरवर दाखवून घ्या. पार्सलचा माग ठेवता येतो, पण ते जमिनीच्या मार्गाने जातं. स्वस्त आहे ते सावकाश आहे. दसऱ्यानंतर आलेल्या मागण्यांना स्पीड पोस्टच लावावं लागेल, त्याचा खर्च आधीच किमतीत धरा.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काहीही पाठवत नाही. पणत्यांच्या शेकडो चित्रांत तुमचं मुखपृष्ठ बुडतं, आणि लोक वैतागतात ते वेगळंच.

दिवाळी संपली म्हणून हात झाडू नका. ग्रंथालयांतून दिवाळी अंक घरोघर फिरत राहतात, कित्येक ठिकाणी होळीपर्यंत. तुमचा लेख कुणीतरी जानेवारीत वाचणार आणि पुस्तक कुठे मिळेल म्हणून विचारणार. त्या वेळी प्रत हातात हवी. पुण्यात अलीकडे डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो, आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. म्हणून सगळ्या प्रती दिवाळीतच खपवायचा हट्ट नको. मी यंदा निम्म्या बाजूला ठेवणार आहे. पलंगाखालीच, पण या वेळी ठरवून.

पुढच्या भागात किमतीचं गणित मांडू. विक्रेत्याची सवलत आणि टपाल वजा जाता लेखकाच्या हातात काय उरतं, ते आकड्यांत बघू.