जुन्या वस्तू, वाळवलेली पाने

वाडा विकायचा ठरला की घरात पहिल्यांदा शिरतो तो कबाडी. इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. ओटीवर पत्र्याचे डबे, कंदील, लाकडी चौकटीच्या पाट्या, पानाचे डबे, पाय मोडलेले पाट यांची रास पडते आणि दोन पिढ्यांचा संसार किलोच्या भावाने तराजूत चढतो. त्या राशीतून एखादी वस्तू आपण हळूच उचलून पदराआड करतो. पण नव्या सदनिकेत ती ठेवायची कुठे आणि वापरायची कशी, हा प्रश्न उरतोच.

अशा वस्तूंना वाळवलेल्या पानाफुलांनी सजवून पुन्हा वापरात आणण्याचा छंद मला लागला, त्याला बरीच वर्षे झाली. छंदाची सुरुवात मात्र चांगली झाली नाही, हे आधीच सांगून टाकते.

1986 च्या श्रावणात माळ्यावर मला सागवानी कलमदान सापडले. सासूबाईंचे सासरे होळकरांच्या कचेरीत लेखनिक होते, त्यांचे ते. झाकण डागाळलेले, त्यावर शाईची पुसट अक्षरे. मी उत्साहाने पॉलिश कागद घेऊन झाकण स्वच्छ घासले, तेलरंगाचा हात दिला, वहीत चार दिवस दाबलेली गुलमेंदीची फुले चिकटवली आणि वर व्हार्निश लावले. सासूबाई देवघरातून आल्या, पेटीकडे पाहत उभ्या राहिल्या. “अगं, इथे मामंजींच्या हातचं मोडी होतं,” एवढेच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. ती अक्षरे घरात कोणी वाचूनही ठेवली नव्हती. महिन्याभरात व्हार्निशखाली फुलांभोवती काळी बुरशी धरली आणि माझी सजावटही गेली.

दोन्ही चुका माझ्याच. पहिली चूक वस्तू न वाचण्याची होती, दुसरी फूल पुरते न वाळवण्याची. दुसरीवर उपाय सोपा आहे, म्हणून तो आधी सांगते.

पाने-फुले तोडायची ती दहा-अकराच्या सुमारास, दव पूर्ण उडाल्यावर. पावसाळ्यात या वाटेला जाऊच नये. आपल्या माळव्यातील कार्तिक ते फाल्गुन हे कोरडे महिने या कामासाठी उत्तम. टिपकागद किंवा कोरे, पाणी शोषणारे कागद घ्यावेत. वर्तमानपत्राच्या शाईचे डाग पडतात, म्हणून ते बाहेरच्या थरांपुरते ठेवावे. फुले एकमेकांना न लागतील अशी मांडून वर कागद, फळी आणि फळीवर पाटा किंवा गव्हाचा भरलेला डबा ठेवावा. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलावेत. आळस होतो तो इथेच आणि बुरशी येते तीही इथूनच. पुढे दोन-तीन आठवडे हात लावू नये. वाळलेले पान गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत ओल आहे असे समजावे.

वनस्पतिशास्त्रज्ञांची रीतही मुळात हीच. सोळाव्या शतकात इटलीतील लुका घिनी यांनी कागदात दाबून वनस्पती जतन करण्याची पद्धत रूढ केली असे मानतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम हा नावाजलेला संग्रह 1906 पासूनचा आहे. फरक एवढाच की शास्त्रज्ञाला रंग गेला तरी चालतो, आपल्याला चालत नाही.

रंग का जातो हे समजले की फुलांची निवड सोपी होते. पानातील हरितद्रव्यातून मॅग्नेशियम निघून गेले की हिरवा रंग मातकट होतो. वाळवणे जितके लवकर, तितका तो टिकतो. निळ्या-जांभळ्या-गुलाबी फुलांतील रंगद्रव्य आम्लता आणि उजेड यांनी चटकन बदलते. झेंडूचा पिवळा-केशरी रंग मात्र कॅरोटिनॉइड जातीचा, त्यामुळे त्याच्या सुट्या पाकळ्या पुष्कळ काळ तेजस्वी राहतात. बोगनवेलीची रंगीत पाने मुळातच कागदासारखी, म्हणून नवशिकीने तिथून आरंभ करावा. जुन्या विहिरींच्या कडांना उगवणारा हंसराज फारच नाजूक दिसतो. गुलाब अख्खा दाबण्याचा हट्ट मात्र धरू नये, पाकळ्या सोडवून घ्याव्यात. आणि प्राजक्त? त्याच्या पाकळ्या तपकिरी पडतात, पण देठ केशरीच राहतो.

पिंपळाच्या जाळीदार पानाविषयी वेगळे सांगायला हवे, कारण शाळेच्या पुस्तकात ते ठेवले नाही अशी आपल्यात क्वचितच कोणी असेल. पुस्तकात ठेवून जाळी आपोआप पडते ही मात्र बालपणीची समजूत. पक्व, धडधाकट पान मातीच्या भांड्यात तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवावे. पाणी अधूनमधून बदलावे. वास येतोच, भांडे मागच्या अंगणात असलेले बरे. गर सुटू लागला की ताटलीत पाणी घेऊन जुन्या दातघासणीने हलकेच काढावा. घाई असेल तर धुण्याच्या सोड्यात मंद आचेवर उकळूनही जमते. त्यासाठी ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, सोडा ते खातो. आणि स्वयंपाकाचे तर नकोच.

पत्र्याच्या डब्याचा गंज घासून, धुऊन, उन्हात कडकडीत वाळवावा. मग अस्तराचा आणि त्यावर फिका रंग. पांढरा गोंद थोड्या पाण्यात पातळ करून वस्तूला लावावा, पान चिमट्याने ठेवावे, मलमलीच्या कापडाने मधून कडेकडे दाबावे. एक दिवस वाळू द्यावे. मग व्हार्निशचे तीन पातळ हात द्यावेत. तेलाचे व्हार्निश कालांतराने पिवळे पडते; हल्ली पाण्यात विरघळणारे पारदर्शक मिळते, ते बरे. कंदिलाच्या काचेवर जाळीची पाने अप्रतिम दिसतात, पण आत एलईडीचा गार दिवाच लावावा, वात पेटवू नये. अन्नाशी संबंध येईल अशा बाजूला रंग, गोंद, काहीच लावायचे नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांनाही मी हात लावीत नाही. चिंच आणि राख एवढीच त्यांची सजावट.

आता पहिल्या चुकीविषयी. त्या कलमदानानंतर मी प्रत्येक वस्तू हाती घेतली की प्रथम ओल्या फडक्याने पुसून उजेडात फिरवून पाहते. कुठे नाव आहे का, तारीख आहे का, बोटांनी झिजलेली जागा कोणती? तेवढा भाग रंगाबाहेर राहतो. पाटीच्या चौकटीवर मुलाने चाकूने कोरलेली आद्याक्षरे असतात, पाटाच्या कडेला चटका असतो. काही मैत्रिणींना हे विद्रूप वाटते. वाटो बापडे. संपूर्ण झाकलेली वस्तू बाजारात विकत मिळते, तिच्यासाठी वाड्याची अडगळ कशाला उपसायची?

आमचा वाडा 2009 साली गेला. अंगणातला प्राजक्त पाडण्याआधी दोन आठवडे मी रोज पहाटेची फुले वेचून दव टिपून दाबून ठेवली. सासूबाईंचा फराळाचा पत्र्याचा डबा कबाड्याच्या राशीतून मी आधीच काढला होता. त्याच्या बाहेरून आता प्राजक्ताचे केशरी देठ आणि तपकिरी पाकळ्या आहेत, एका बाजूला पोचा तसाच आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला लाल रंगाने लिहिलेले सासूबाईंचे नाव आहे, त्याला मी व्हार्निशसुद्धा लावलेले नाही. डबा सध्या नातीकडे आहे. ती त्यात बटणे ठेवते.