नऊ माणसांचं हॉस्पिटल
(कामाची जागा : लेखांक 5)

मागच्या लेखात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या, मोठ्या कार्यालयांतल्या अंतर्गत समितीविषयी लिहिलं. पण नागपूरच्या धंतोलीत ती समिती शोधायची कुठे? दवाखान्यांच्या गर्दीमुळे इथल्या नागरिक मंडळाला थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं, इतकी ही वस्ती रुग्णालयांची झाली आहे. पार्किंगवर इथे भरपूर बोललं जातं. त्याच इमारतींमध्ये नाइट ड्युटी करणाऱ्या सिस्टर, काउंटरवरची मुलगी, वॉर्ड पुसणाऱ्या मावशी यांच्याविषयी फार कमी. अनेक ठिकाणी डॉक्टरच मालक असतात आणि पगारही त्यांच्याच हातून मिळतो. त्यांनीच हात धरला, तर सांगायचं कोणाला? सोबतच्या बाया म्हणतात, "जाऊ दे ना बाई, नोकरी जाईन."

कायद्याने हा प्रश्न सोडवून ठेवला आहे, पण हे कोणी सांगत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 9 डिसेंबर 2013 पासून लागू झालेल्या कायद्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येतच रुग्णालय आणि नर्सिंग होम आहेत. दहा किंवा अधिक माणसं असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमायची. नेमली नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. कंत्राटी, हंगामी, शिकाऊ, अगदी बिनपगारी मदतनीससुद्धा कायद्याने कर्मचारीच. तेव्हा "आमच्याकडे नऊच जण" असं कोणी म्हणालं, तर हजेरीपटाबाहेरची माणसंही मोजावीत.

खरोखरच दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे चौकशी करावी. शंभर खाटांचं रुग्णालय असलं तरी मालकाविरुद्धच्या तक्रारीला हाच मार्ग आहे.

हा मार्ग इतका अनोळखी का राहिला, याचं उत्तर संतापजनक आहे. लैंगिक छळाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल 1997 चा. त्यातली मार्गदर्शक तत्त्वं पाळलीच जात नाहीत, हे पुण्याच्या मेधा कोतवाल यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेलं. त्यावरचा निकाल 2012 मध्ये आला. पुढे गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात, 2023 मध्ये, न्यायालयाला पुन्हा तेच सुनवावं लागलं. आणि 3 डिसेंबर 2024 ला, म्हणजे कायदा लागू होऊन जवळजवळ अकरा वर्षांनी, स्थानिक समिती नेमणारे जिल्हा अधिकारी महिनाअखेरपर्यंत नेमा असा आदेश द्यावा लागला. गोव्याच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली: समितीने घाईने चौकशी उरकली, म्हणून प्राध्यापकावरची कारवाईच रद्द झाली. समितीचा निष्काळजीपणा शेवटी तक्रारदार मुलींनाच भोवतो.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. सहा प्रती लागतात. लिहिता येत नसेल तर मदत करणं समितीचं कर्तव्य आहे. तोवर तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द त्याच दिवशी वहीत उतरवा. व्हॉट्सअॅपचे संदेश पुसू नका, बहिणीच्या फोनवरही पाठवून ठेवा. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. दोन खोल्यांच्या दवाखान्यात बदली कुठे करणार? म्हणून तिथे रजेचाच आग्रह धरावा. ती हक्काच्या रजेतून कापली जात नाही. तडजोड बाईच्याच इच्छेने, आणि पैशांवर तर मुळीच नाही. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली तक्रार देण्याचा हक्क वेगळा उरतोच.

आरोपी रुग्णाचा नातेवाईक असला, तरी मालकाला हात झटकता येत नाहीत. तक्रारदार बाईची इच्छा असेल तर फौजदारी तक्रारीला साहाय्य करणं त्याची जबाबदारी आहे.

"सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच उलटेल" ही भीती बहुतेकींना गप्प बसवते. सिद्ध न होणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, असं कायदा स्पष्ट म्हणतो. खोटेपणाचा हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

साक्ष द्यायला सहकारी का कचरतात आणि त्यांना कोणतं संरक्षण आहे, हे पुढच्या आठवड्यात.